पेंटियम ४
पेंटियम ४ : इंटेल या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आणलेला, वैयक्तिक संगणकासाठीचा सूक्ष्मप्रक्रियक. आरंभीच्या प्रकारांची कंप्रता १·४ व १·५ गिगॅहर्ट्‌झ होती आणि चिपवर सु. ४ कोटी २० लाख ट्रँझिस्टर होते.

कंप्रता वाढविता यावी, हे त्याच्या रचनेमागील सूत्र होते. प्रत्येक सूचनेवरील काम कारखान्यातील जुळणीप्रमाणे २० टप्प्यांत विभागलेले असे (पेंटियम ३ मध्ये सु. १०). टप्पा लहान असला की तो लवकर पुरा होतो व घड्याळाचे ठोके जलद देता येतात. मात्र पुढे कोणती सूचना येणार याचा अंदाज चुकल्यास रांगेतील अर्धवट काम टाकून द्यावे लागते. रांग लांब तेवढी हानी अधिक. त्यामुळे १·४ गिगॅहर्ट्‌झचा पेंटियम ४ काही कामांत १ गिगॅहर्ट्‌झच्या पेंटियम ३ च्याही मागे पडे. गिऱ्हाईक मात्र बहुधा गिगॅहर्ट्‌झचा आकडा पाहूनच निवड करी, आणि जाहिरातींचा भरही त्यावरच असे.

२००४ मधील ‘प्रेस्कॉट’ प्रकारात टप्पे ३१ झाले. ट्रँझिस्टर अतिसूक्ष्म झाल्याने त्यांतून विद्युत् प्रवाहाची गळती वाढली. ३·८ गिगॅहर्ट्‌झच्या प्रकाराची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. जाहीर केलेला ४ गिगॅहर्ट्‌झचा प्रकार ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द करावा लागला. २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओमध्ये टप्पे १४ व गाभे दोन होते. त्याचा २·४ गिगॅहर्ट्‌झचा, ६५ वॉटचा प्रकार बहुतेक कामांत सर्वांत जलद पेंटियम ४ लाही मागे टाकी. पेंटियम ४ चा पुरवठा २००८ मध्ये थांबला.