मजुरीचा इन्साफ आणि वागणुकीचा इन्साफ
परिचारिकांच्या अनुभवातून मालकांनी घ्यावयाचा धडा

'पगार वेळेवर देतो, तरी माणूस मन लावून काम करीत नाही,' ही तक्रार आम्ही बेकरीवाले, गॅरेजवाले, शिलाईचे कारखानदार अशा सर्वांकडून ऐकत आलो आहोत. तिचे उत्तर शोधण्यासाठी आज आम्ही वाचकांना बाजारातून दवाखान्यात नेऊ इच्छितो.

केशवसुतांचे जन्मगाव असलेल्या मालगुंडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सरकारी निकषानुसार सपाट भागात ३० हजार आणि डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र असते. लसीकरण असो, बाळंतपण असो की विंचूदंश, रुग्णाला पहिला हात लागतो तो सिस्टरचा. रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय गाठेपर्यंत आपल्या घरातील बाई-मुलांचा जीव तिच्याच भरवशावर असतो. म्हणून तिच्याशी न्यायाने वागले जाते की नाही, हा आपलाही प्रश्न आहे.

समान काम, असमान दाम

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि कायम परिचारिकांच्या जोडीला कंत्राटी परिचारिका आल्या. काम तेच, पण पगार आणि नोकरीची शाश्वती वेगळी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील कंत्राटी आरोग्य कर्मचारी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. त्याआधी २६ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका खटल्यात समान कामाला समान वेतनाचे तत्त्व हंगामी सरकारी कर्मचाऱ्यांनाही लागू केले होते. खाजगी रुग्णालयांसाठी केंद्राच्या समितीने २०१६ साली शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी परिचारिकेला दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत.

पगार कापला, झोप उडाली

पण प्रश्न केवळ पैशाचा नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने चार रुग्णालयांतील ४६७ परिचारिकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. दोन रुग्णालयांत वेतनपद्धती बदलल्याने पगार कमी झाला होता. तेथील परिचारिकांची झोप उडाली. मात्र ज्यांच्या वरिष्ठांना आदराने बोलण्याचे आणि निर्णयाचे कारण नीट समजावण्याचे शिक्षण दिले, त्यांचा त्रास बराच कमी झाला. सहा महिन्यांनंतरही हा फरक टिकून होता. कापलेला पगार तेवढाच होता, फरक पडला तो वागणुकीमुळे.

याचे कारण उघड आहे. चारचौघांत अपमान झालेली सिस्टर मध्यरात्री डॉक्टरांना फोन करण्यास कचरते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर तेवढा उशीरही घातक ठरतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की 'हे मला जमेल' हा विश्वास माणसाला स्वतः यशस्वीपणे केलेल्या कामातून, इतरांचे काम पाहून आणि वडीलधाऱ्यांच्या उत्तेजनातून मिळतो. जेथे प्रत्येक चुकीवर हेटाळणी होते, तेथे हा विश्वास मूळ धरीत नाही.

आपल्या दुकानात काय करावे?

इ. स. ६२७ मध्ये खंदकच्या लढाईच्या वेळी मदिनेच्या मशिदीत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींची शुश्रूषा होत असे. शुश्रूषेच्या कामाला मशिदीतच जागा मिळाली, यातच त्याचा मान आला. मजुराची मजुरी विनाविलंब देण्याची ताकीद तर आपणा सर्वांना पाठ आहे. तिच्या जोडीला मालकांनी एवढे करावे:

१. पगाराचा हिशेब लेखी द्यावा. उचल किती कापली, हे कारागिराला वाचता आले पाहिजे.

२. भाच्या-पुतण्याला एक नियम आणि परक्याला दुसरा, असे करू नये.

३. पावसाळ्यात धंदा बसल्यामुळे कपात करावीच लागली तर ती आधी सांगावी, समोर बसवून कारण द्यावे.

४. चूक एकांतात दाखवावी, चांगल्या कामाची तारीफ सर्वांसमोर करावी.

५. शिकाऊ पोराला वर्षानुवर्षे झाडलोटीत न ठेवता लहानसे काम पूर्णपणे त्याच्या जबाबदारीवर सोपवावे.

यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. वेळेवर दिलेल्या पगाराने कारागीर कामावर येतो, पण मन लावून काम करतो तो आपली कदर होते असे त्याला वाटल्यावरच.