कविता पुढे, नाव मागे

मैत्रिणींनो, आमच्या गटातल्या एकीने कांदालागवडीवर कविता केली. आम्ही ती व्हॉट्सॲपवर टाकली. आठवडाभरात ती गावोगाव पोचली, वाहवा झाली. फिरून आमच्याकडेच आली, तेव्हा खाली तिचं नावच नव्हतं! ती म्हणाली, “लेकरू गावभर नाचलं, पण आई कोण हे कुणी विचारलं नाही.”

1957च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोंदणी केली नसली तरी कवितेवर हक्क लिहिणारीचाच. पण मोबाईलवर नाव कुणीही खोडतं. म्हणून आता आम्ही कविता आधी तारीख घालून वहीत उतरवतो आणि जनाबाईंसारखं शेवटच्या ओळीतच नाव गुंफतो. ते काढलं तर ओळच मोडते.

तुम्हीही लिहा, जरूर पाठवा. मात्र दुसरीचं लिखाण पुढे पाठवताना तिचं नाव राहू द्या.