पावती आधी, काम मागून

कर्नाटकाची ‘सकाल’ ही सेवा-हमी योजना 2012 साली राज्यभर लागू झाली. त्याआधी ती ज्या चार तालुक्यांत आजमावून पाहिली, त्यांत धारवाड होता. अर्ज दिला की हाती दाखला नव्हे, 15 आकडी क्रमांकाची पावती पडते. त्या क्रमांकावर अर्ज कुठवर पोहोचला ते कळते. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई मागता येते.

वेबवरच्या लांबलचक कामांनाही हीच रीत हवी. हजारो ओळींची एक्सेल फाइल चढवली आणि सर्व्हर काम संपेपर्यंत गप्प राहिला, तर ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधला एन्जिनएक्स हा प्रॉक्सी थांबत नाही. उत्तराची वाट पाहण्याची त्याची मूळ मुदत 60 सेकंदच असते. मग पडद्यावर 504, म्हणजे ‘उत्तराची मुदत टळली’, हा त्रुटी-क्रमांक झळकतो आणि आत काम चालूच राहते. वैतागलेला माणूस पुन्हा बटण दाबतो, नोंदी दुबार होतात.

म्हणून सर्व्हरने ताबडतोब ‘202’, म्हणजे ‘विनंती स्वीकारली’, असे उत्तर आणि कामाचा क्रमांक द्यावा. काम रांगेत जाते. ब्राउझर दर दोन-तीन सेकंदांनी स्थिती विचारतो, किंवा ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’च्या वाटेने सर्व्हरच ती कळवत राहतो.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी 1993 मध्ये लक्ष टिकण्याची मर्यादा 10 सेकंद सांगितली. त्यापुढे प्रगती दाखवायलाच हवी, आणि ती खरी हवी: ‘5,000 पैकी 3,200 ओळी तपासल्या’. नुसत्या घड्याळावर सरकून 99 टक्क्यांवर अडकणारी पट्टी ही शुद्ध फसवणूक आहे. एकूण आकडा ठाऊक नसेल, तर चालू टप्प्याचे नाव लिहावे.