मध्यम कंटकी पेशी व तिचे संगणकीय प्रतिरूप

मेंदूच्या गोलार्धांच्या तळाशी करड्या द्रव्याचे जे पुंजके आढळतात त्यांना तल-गुच्छिका अशी संज्ञा आहे. हालचालींची निवड, सवयींची घडण आणि बक्षिसाच्या अपेक्षेने होणारे शिक्षण यांच्याशी त्यांचा निकट संबंध आहे. मेंदूच्या बाह्यकाकडून येणारे संदेश प्रामुख्याने त्यांतील रेखी पिंडात पोचतात. तेथील बहुसंख्य पेशी 'मध्यम कंटकी' या एकाच प्रकारच्या असतात. न्यूक्लिअस अक्यूम्बन्स हा या पिंडाचाच अधर भाग होय. रूपाने सारख्या असलेल्या या पेशींचे वर्तनही सारखेच असते काय, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

भूल दिलेल्या प्राण्यांत या पेशींचे विभव दोन पातळ्यांमध्ये हेलकावत असते. निम्नावस्थेत ते सुमारे उणे ८० मिलिव्होल्ट असते. अनेक संदेश एकदम आले म्हणजे ते उणे ५५ च्या आसपास चढते आणि तेथूनच पेशी स्पंदे सोडू शकते. पेशीला निम्नावस्थेत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः एक विशिष्ट पोटॅशियम प्रवाह करतो. विभव खाली असता त्याचे मार्ग खुले असतात, ते चढू लागताच मिटतात. मात्र प्रयोगांत असे आढळले की, सुमारे ४० टक्के पेशींत विभव खाली असतानाही हा प्रवाह काही वेळाने बराचसा ओसरतो. इतरांत तसे घडत नाही.

या भेदाचा परिणाम काय व्हावा? प्रत्यक्ष पेशीत एवढा एकच गुणधर्म बदलून बाकी सर्व जसेच्या तसे राखणे दुष्कर असते. प्रतिरूपात ते सहज साधते. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जॉन एरिक स्टीफन व रोहित मनचंदा यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी पेशी १८९ खंडांत विभागून मांडली. प्रत्येक खंडाचे विभव त्याच्या पटलातून व शेजारच्या खंडांतून वाहणाऱ्या प्रवाहांवरून क्षणाक्षणाला काढावयाचे, ही यामागील पद्धती. अशा समीकरणांचा पाया हॉजकिन व हक्सली यांनी १९५२ साली घातला.

निष्कर्ष स्पष्ट होता. प्रवाह ओसरणारी पेशी अधिक लवकर व अधिक वेगाने स्पंदे सोडते. कारणे दोन: पोटॅशियमचे मार्ग घटल्याने पेशीचा विद्युत् रोध वाढतो, म्हणजे तितक्याच प्रवाहाने विभव अधिक चढते, शिवाय निम्नावस्थाच मुळात थोडी वर सरकलेली असते. स्पंदांचा आरंभ व जोर यांवर शाखांतील कॅल्शियमचे प्रमाण अवलंबून असते आणि कॅल्शियमवर चेतासंधींची परिवर्तनशीलता. तेव्हा हा भेद पेशीच्या शिकण्यापर्यंत पोचत असावा, असे अनुमान निघते.

येथे पद्धतीविषयी एक बोध घेण्याजोगा आहे. दोन्ही गटांच्या मापनांची सरासरी काढून एकच 'सामान्य' पेशी रचली, तर ती कोणत्याच गटाचे प्रतिनिधित्व करणार नाही आणि तिच्यापासून उभारलेले जाळेही भ्रामक ठरेल. दुसऱ्या बाजूने, प्रतिरूप केवळ 'असे असेल तर असे घडेल' एवढेच सांगते. जिवंत प्राण्यात तसे घडते की नाही, याचा निर्णय प्रयोगानेच व्हावयाचा असतो. प्रयोगाने कोठे पाहावे हे दाखवून देणे, हेच अशा गणिताचे खरे कार्य होय.