समुद्रकांठचें घर आणि ध्वनिवर्धकाची निवड

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें गाण्याची आवड एकसारखी असणें कठीणच. वडील मंडळींस अब्दुल करीम खांसाहेबांच्या नाहीं तर हिराबाई बडोदेकरांच्या जुन्या तबकड्या हव्या असतात, कोणास भावगीतें प्रिय, तर मुलांचें लक्ष चित्रपटांतील गाण्यांकडे. ह्या सर्वांची सोय पाहणारें यंत्र घ्यावयाचें ठरलें म्हणजे तबकडीचें यंत्र व स्पीकर यांविषयीं घरांत पुष्कळ चर्चा होते. परंतु त्या दोहोंमध्यें बसून क्षीण विद्युत्संदेशास बळ देणारा जो ध्वनिवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्याची निवड बहुधा दुकानदारावर सोंपविली जाते. वैतरणेच्या मुखाजवळ वसलेल्या अर्नाळ्यासारख्या गांवीं हें सोंपविणें महाग पडतें. येथें सुरूच्या बनांतून येणारी खारी हवा माणसांस सुखविते, पण तांब्यापितळेचा व रुप्याचा जीव खाते.

ध्वनिवर्धकाच्या मुख्य जाती तीन मानाव्या. पहिली व्हॉल्व्हची. अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यानें १९०६ सालीं कांचेच्या नळींत तिसरें विद्युदग्र बसविलें, आणि लहान संदेशानें मोठा प्रवाह आवरण्याची युक्ति साधली. व्हॉल्व्हचा आवाज गोड लागतो असें रसिक म्हणतात, त्यास कारण आहे. साध्या एकेरी रचनेंत तो मूळ स्वरांत जी भेसळ करतो, ती मुख्यत्वें त्याच स्वराच्या वरच्या सप्तकांतील जोडीची. षड्जावर तार षड्जाची हलकी छाया पडावी तशी. कानास ती खुपत नाहीं. मात्र आंत तीनचारशें व्होल्टचा दाब खेळतो, कांच हात भाजण्याइतकी तापते, आणि कांहीं हजार तासांनीं व्हॉल्व्ह बदलावे लागतात.

दुसरी जात ट्रान्झिस्टरची. त्याचा जन्म १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत झाला. ह्यांत पुन्हा पोटभेद आहेत. ‘ए’ वर्गांत ट्रान्झिस्टर सदैव पूर्ण जागा असतो. आवाज निर्मळ, पण गाणें चालू असो वा नसो, वीज सारखी जळते. ‘बी’ वर्गांत दोघे करवत ओढणाऱ्यांप्रमाणें पाळीपाळीनें काम करतात. एक लहरीचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. खर्च वांचतो, पण हातबदल होतांना किंचित् खांच पडते. मोठ्या आवाजांत ती झांकून जाते. आलापामागें मंद वाजणाऱ्या तंबोऱ्यांत मात्र ती उघडी पडते. म्हणून ‘एबी’ वर्गांत दोघांसही थोडें जागें ठेवितात, आणि घरगुती यंत्रांत हीच मधली वाट रूढ झाली आहे.

तिसरी जात ‘डी’ वर्गाची. ह्यांत ट्रान्झिस्टर सेकंदास काहीं लक्ष वेळां उघडझांप करतो, आणि उघड्या काळाच्या कमीअधिक लांबींतून स्वर घडतो. घेतलेल्या विजेचा नऊदशांशांहून अधिक भाग स्पीकरपर्यंत पोंचूं शकतो. यंत्र लहान व थंड राहतें.

आतां गृहिणीच्या हिशेबाकडे वळूं. दोन्ही बाजूंस वीस वीस वॉट देणारें ‘ए’ वर्गाचें यंत्र सहज १६० वॉट ओढतें. रोज चार तास लाविलें तर महिन्यास १९ युनिटांहून अधिक वीज जाते. मंद आवाजांत १० वॉटवर भागविणारें ‘डी’ यंत्र तेवढ्याच वेळांत सव्वा युनिटहि घेत नाहीं. शिवाय वैशाखांतील दमट संध्याकाळीं खोलींत आणखी एक शेगडी कोणास हवी?

वॉटांच्या मोठ्या आंकड्यांनीं दिपून जाऊं नये. एका वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा स्पीकर आठ वॉटांवर ९६ डेसिबलपर्यंत जातो. माजघरास तेवढें पुष्कळ झालें. वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलनें वाढतो. कानास दुप्पट भासण्यास सुमारें दसपट वॉट लागतात.

समुद्रकांठीं आणखी पथ्यें आहेत. पंख्यानें हवा आंत ओढणारें यंत्र टाळावें, कारण तो पंखा मिठाचा ओलावाहि आंत नेतो. यंत्र खिडकीसमोर ठेवूं नये, तसेंच बंद कपाटांत कोंडूंहि नये. थंड झाल्यावर वर सुती कापड घालावें. जोडण्यांवर हिरवा गंज दिसतांच, आधीं वायर भिंतींतून काढून, त्या जाणकाराकडून स्वच्छ करवून घ्याव्या. तिसऱ्या खुंटीची भूजोडणी खरी आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें, आणि विजा कडाडूं लागल्या कीं प्लग काढावा. जुन्या तबकड्या ऐकावयाच्या असतील तर ‘फोनो’ची वेगळी सोय आहे ना, हेंहि विचारावें, चुंबकी सुईचा संदेश व्होल्टच्या पांच हजारांशांएवढाच असतो.

परीक्षा मात्र स्वतःच्या कानांनीं करावी. घरची ऐकून ऐकून पाठ झालेली ध्वनिमुद्रिका दुकानांत न्यावी, विलंबित आलाप अगदीं हलक्या आवाजांत लावावा, आणि दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करूनच तुलना करावी. कारण जें थोडें मोठें वाजतें तेंच अधिक चांगलें, असा भ्रम कानास सहज होतो. तंबोऱ्याची जवारी सुटी ऐकूं येते काय, श्वास घेऊन गायक समेवर येतो तें जाणवतें काय, हें वडील मंडळींस विचारावें.

आमच्या मतें रांगतीं मुलें असलेल्या घरानें व्हॉल्व्हचा मोह तूर्त आवरावा. वीज वारंवार जाते व इन्व्हर्टरवर काम चालवावें लागतें, तेथें चांगलें ‘डी’ यंत्र. अन्यत्र दुरुस्तीस सुलभ असें मध्यम ताकदीचें ‘एबी’ यंत्र घ्यावें. ज्यांस सवड, जागा व निगेची हौस आहे, त्यांनीं व्हॉल्व्ह खुशाल आणावा. वांचलेला पैसा स्पीकरवर खर्चावा. आवाजांतील फरक तेथें अधिक पडतो. आणि यंत्र कोणाच्याहि एकट्याच्या खोलींत न ठेवितां माजघरांत ठेवावें, म्हणजे आजोबांची तबकडी नातवाच्या कानांवर आपोआप पडत जाईल.