साप्ताहिकीपासून नव्या पर्वापर्यंत

द्वितीय वर्ष, कला

गेले काही दिवस आमच्या घरी संध्याकाळी टीव्ही लावला की दर थोड्या वेळाने एकच घोषणा ऐकू येते. 'येत्या सोमवारपासून', 'नवी मालिका', 'नवे पर्व'. आई तांदूळ निवडता निवडता ती ऐकते आणि आता आपली कोणती मालिका बंद होणार याचा अंदाज बांधते. परवा तिने मला विचारले, "हे सगळं ठरवतं तरी कोण गं? आणि कुणाला विचारून?" मी महाविद्यालयात शिकते, तेव्हा मला हे ठाऊक असणार असा तिचा समज. मला काही सांगता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडत आहे.

आमच्या घोटी-इगतपुरी भागात हंगाम म्हणजे भाताचा हंगाम. पावसाळ्यापूर्वी राब भाजायचा, पाऊस पडला की पेरणी, जुलैत आवणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी. कोणत्या खाचरात काय लावायचे हे पाऊस पडण्यापूर्वीच ठरवावे लागते. वाहिन्यांचाही असाच हंगाम असतो. येत्या काही महिन्यांत कोणता कार्यक्रम, कोणत्या वारी, किती वाजता दाखवायचा हे आधी ठरते आणि मग ते आपल्यापर्यंत पोहोचते. फरक इतकाच की शेतात काय पेरायचे हे शेतकरी ठरवतो आणि वाहिनीवर काय पेरायचे हे ठरवताना प्रेक्षक समोर नसतो.

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रयोगादाखल झाला. २६ जानेवारी १९६७ पासून तेथे 'कृषिदर्शन' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला आणि दिल्लीभोवतालच्या ८० गावांत तो सामुदायिक संचांवर पाहिला जाऊ लागला. महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. वाहिनी एकच असल्यामुळे निवड करण्याचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनच्या बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांनी प्रसारणाची तीन कामे सांगितली होती: माहिती देणे, शिक्षण देणे आणि मनोरंजन करणे. आपल्या दूरदर्शननेही हीच तीन कामे आपली मानली आणि एकाच संध्याकाळी ती तिन्ही पार पाडण्याचा प्रयत्न केला.

मुंबई दूरदर्शनच्या त्या काळातील कार्यक्रमांची नावे आपल्या प्राध्यापकांना तोंडपाठ असतील. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', विनायक चासकर यांचा 'गजरा', साहित्यिक-कलावंतांच्या मुलाखतींचा 'प्रतिभा आणि प्रतिमा', मुलांसाठी 'किलबिल', आकाशानंद यांचा 'ज्ञानदीप'. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेही याच केंद्रावर. या सर्वांबरोबर आणखी एक साधा कार्यक्रम होता, 'साप्ताहिकी'. पुढील आठवड्यात काय काय दाखवले जाणार, हे त्यात निवेदिका सांगत असे. लोक तो मुख्यतः रविवारच्या चित्रपटाचे नाव कळावे म्हणून पाहत. पण ते नाव कळेपर्यंत शेतीचा कार्यक्रम कशावर आहे आणि आरोग्याच्या कार्यक्रमात कोण बोलणार आहे, हेही कानावर पडत असे.

माझ्या आजीचे माहेर कल्याणजवळचे. त्या गावात तेव्हा एकच संच होता. त्याची आठवण ती अशी सांगते: "पिच्चर बघायला लवकर जाऊन जागा धरायची. आधी शेतीचं लागायचं. उठून जाणार कुठं? जागा गेली असती. म्हणून बसून बघायचो." अशाच एका संध्याकाळी तिने भाताचे बी मिठाच्या पाण्यात घालून निवडण्याची रीत पाहिली. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी टाकायचे, वर तरंगेल ते पोकळ बी काढून टाकायचे, तळाशी बसेल ते साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. लग्न होऊन ती आमच्या गावी आली तेव्हा ही रीत बरोबर घेऊन आली. आमच्या घरात आजही बी तसेच निवडतात. आजीला अक्षरओळख नाही. शेतीवरचे पुस्तक तिच्या हाती कधी आले नसते. चित्रपटाची वाट पाहताना तिला हे मिळाले.

ही व्यवस्था बदलली, आणि ती का बदलली हे समजून घेतले पाहिजे. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८२ साली रंगीत चित्र आले आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली. मेक्सिकोमध्ये मालिकांच्या कथेतून साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांचा प्रचार केला गेला होता, त्या धर्तीवर ही मालिका आखली होती. तिचे १५६ भाग झाले आणि लोकांनी लाखो पत्रे पाठवली. कथेच्या ओढीने लोक ठरलेल्या वेळी संचासमोर येऊन बसतात, हे त्यातून सर्वांच्या लक्षात आले. जाहिरातदारांच्याही लक्षात आले. पुढे २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली, १९९९ साली अल्फा मराठी, २००० साली ई टीव्ही मराठी, २००८ साली स्टार प्रवाह आणि २०१८ साली सोनी मराठी. मराठी माणसाला निवडीला वाव मिळाला, हे चांगलेच झाले. एका वाहिनीच्या काळात जे समोर येईल ते पाहावे लागे, ही तक्रारही खरीच होती.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. खाजगी वाहिनीचा नवा हंगाम कसा ठरतो? वाहिनीकडे आठवड्याचा एक तक्ता असतो. त्याला 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' म्हणतात. आपल्या वर्गाच्या वेळापत्रकासारखेच त्यात वार आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असतात. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा हे रकाने सर्वांत मोलाचे, कारण तेव्हा घरातील सर्व माणसे एकत्र असतात. नियमानुसार एका तासात जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. त्यांपैकी १० मिनिटे विकायची असतात आणि २ मिनिटे वाहिनीने स्वतःच्या कार्यक्रमांसाठी वापरायची असतात. 'येत्या सोमवारपासून' ही घोषणा येते ती या दोन मिनिटांतून.

कोणता रकाना किती रुपयांचा, हे टीआरपीवर ठरते. देशातील काही हजार निवडक घरांत एक यंत्र बसवलेले असते. घरातला जो माणूस टीव्ही पाहायला बसेल त्याने आपले बटण दाबायचे, म्हणजे कोण काय पाहते याची नोंद होते. २०१५ पासून हे काम 'बार्क' ही संस्था करते आणि दर गुरुवारी आठवड्याचे आकडे वाहिन्यांच्या हाती पडतात. आकडा घसरला की मालिकेची वेळ बदलते किंवा तिचा शेवट उरकला जातो आणि त्या जागी नवी मालिका येते. गणपती ते दिवाळी या काळात जाहिरातींवर जास्त पैसा खर्च होतो, म्हणून मोठ्या कार्यक्रमांची आखणी त्या सणांकडे पाहून होते. नव्या मालिकेचे काही भाग आधीच चित्रित करून ठेवतात. त्याला 'बँक' म्हणतात. दररोज एक भाग द्यायचा असल्याने ही शिल्लक हवीच असते.

तेव्हा आईच्या प्रश्नाचे उत्तर असे की हे वाहिनी ठरवते आणि ते विचारते आकड्याला. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे मला वाटत नाही. जाहिरातीच्या पैशावर चालणाऱ्या उद्योगाचा तो सरळ हिशोब आहे. पण या हिशोबात माहितीच्या कार्यक्रमाचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. भाताच्या बियाण्यावरील कार्यक्रम पाहणारा माणूस महाग साबण विकत घेईल याची खात्री नसते, म्हणून त्याला मोलाच्या वेळेतला रकाना मिळत नाही. त्याला सकाळची किंवा दुपारची वेळ मिळते, नाहीतर वेगळी वाहिनी मिळते. २६ मे २०१५ रोजी शेतकऱ्यांसाठी 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. बातम्यांची वाहिनी वेगळी, चित्रपटांची वेगळी, मुलांची वेगळी. ज्याला शेतीचे पाहायचे आहे त्याला आता भरपूर मिळते. पण माझ्या आजीला शेतीचे पाहायचे नव्हते, तिला चित्रपट पाहायचा होता. तिच्यासारख्या माणसाच्या वाटेत आता शेतीचा कार्यक्रम येत नाही.

माहिती आणि मनोरंजन यांचे मुळात वैर आहे असेही नाही. 'कौन बनेगा करोडपती' २००० सालापासून लोक आवडीने पाहत आले आहेत. शेवटी तो प्रश्नोत्तरांचाच कार्यक्रम आहे. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी त्यात एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम करत होत्या. त्या भागाची चर्चा आमच्या गल्लीत कितीतरी दिवस चालली होती. तेव्हा लोकांना ज्ञान नको असते, हे म्हणणे मला पटत नाही.

लोकांपर्यंत काय पोहोचत नाही, हे मला २०२० साली कळले. त्या वर्षी मार्चपासून शाळा बंद होत्या. मी नववीची परीक्षा देऊ शकले नव्हते आणि धाकटा भाऊ तिसरीत जाणार होता. जुलैमध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली, आणि घरातल्याच वस्तू घेऊन करून पाहण्याच्या गोष्टी. आमच्या घरी दरमहा पैसे भरावे न लागणारी डीडी फ्री डिश होती आणि तीवर सह्याद्री दिसत होती. म्हणजे शाळा आमच्या घरात येऊन उभी होती. पण आम्हाला ते ठाऊक नव्हते. वेळापत्रक फोनवरून फिरत होते आणि घरातला एकुलता एक फोन बाबांबरोबर कामावर जात असे. आवणीचे दिवस, आई-आजी दिवसभर शेतात. आम्ही दोघे त्याच संचावर जुन्या मालिकांचे पुनःप्रसारण पाहत होतो. तीन आठवड्यांनी शेजारच्या काकूंनी सहज विचारले, "धाकटा टिलीमिली बघतो ना गं?" तेव्हा आम्हाला कळले.

तेव्हापासून मी वहीच्या पाठीमागे वेळा लिहून ठेवू लागले. तिसरीची वेळ झाली की भावाला हाक मारायची, एवढेच माझे काम. त्याचे बुडालेले तीन आठवडे भरून आले नाहीत. त्या वेळी आमच्याजवळ संच होता, वीज होती, वाहिनी होती आणि कार्यक्रमही चांगला होता. फक्त तो कधी आहे हे सांगणारे कुणी नव्हते. नव्या मालिकेची वेळ मात्र त्याच दिवसांत आम्हाला रोज वीस वेळा सांगितली जात होती.

माझे म्हणणे एवढेच आहे की कार्यक्रम तयार करणे हे अर्धे काम आहे आणि तो कधी आहे हे गरजूला कळवणे हे उरलेले अर्धे. पहिले अर्धे काम सार्वजनिक वाहिनी आजही करते. दुसरे अर्धे पूर्वी 'साप्ताहिकी' करत असे. आता ते काम पैशाच्या बळावर फक्त मालिकांसाठी होते.

हे काम आपण करू शकतो. 'ज्ञानदीप'च्या प्रेक्षकांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली होती. कार्यक्रम पाहायचा, त्यावर चर्चा करायची आणि जमेल ते गावात करून दाखवायचे, असे त्यांचे स्वरूप होते. आपल्या महाविद्यालयात वाचनालयाबाहेर एक फळा रिकामाच असतो. त्यावर दर आठवड्याला शेती, आरोग्य, स्पर्धापरीक्षा आणि साहित्य यांवरील पाच-सहा कार्यक्रमांची नावे आणि वेळा लिहाव्यात, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. प्रत्येकाने आपल्या गावी एका घरात जरी ती वेळ सांगितली तरी ती पुष्कळ लांब पोहोचेल. लिहिण्याचे काम मी करीन. वहीच्या पाठीमागे लिहिण्याची सवय अजून गेलेली नाही.

आईला मी हे सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग त्या फळ्यावर माझी मालिका किती वाजता गेली तेही लिही." तेही लिहायला हवे. ती वेळ पाहायला जो येईल, त्याची नजर वरच्या ओळींवरूनही जाईल.