वेशीवरची हिरवी इमारत

पूर्वी गावाला वेस असे. रात्री दरवाजा बंद झाला की उशिरा आलेल्या वाटसरूला बाहेरच मुक्काम करावा लागे. देशांच्या वेशीही तशाच. फक्त तिथे आता बूथ, कॅमेरे आणि काँप्यूटर आले. विमानतळावरची वेस आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पण गाडीतून किंवा पायी ओलांडायच्या सरहद्दीवर टर्मिनल बांधणं हे आम्हां इंजिनिअर लोकांच्या दृष्टीने निराळंच प्रकरण!

सॅन डिएगोच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या तिहुआना शहराला लागून असलेलं सॅन इसिद्रोचं नाकं घ्या. सरकारी आकड्यांप्रमाणे इथून रोज सरासरी ७०,००० माणसं गाडीतून आणि २०,००० पायी अमेरिकेत येतात. यात कामावर निघालेले असतात, शाळा-कॉलेजला जाणारी मुलं असतात, नातेवाइकांना भेटून परतणारेही असतात.

या नाक्याचं नूतनीकरण तीन टप्प्यांत होऊन २०१९ साली पुरं झालं. खर्च सुमारे ७४ कोटी डॉलर. विजेसाठी सोलर पॅनेल बसवली. पावसाचं पाणी साठवायची आणि सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली. इमारत गार-गरम ठेवायला जमिनीची मदत घेतली. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागतं, हे आठवलं की त्यातलं तत्त्व लगेच ध्यानात येईल. जमिनीच्या पोटातलं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, म्हणून नळ्यांतून पाणी खाली फिरवून आणायचं.

ॲरिझोनातल्या नोगालेसचं मारिपोसा नाकं २०१४ मध्ये नव्याने उभं राहिलं. आपण हिवाळ्यात खातो ते मेक्सिकन टोमॅटो बरेचसे याच वाटेने येतात. त्या वाळवंटी मुलखातही उन्हाळ्यात मॉन्सून येतो बरं का! तो पाऊस जमिनीखालच्या सुमारे दहा लाख गॅलनच्या टाकीत साठवून त्यावर नाक्यावरची झाडं जगवायची, अशी योजना केली.

हे सगळं कौतुकास्पदच आहे. पण हिशेब इमारतीच्या भिंतीपाशी थांबवून कसं चालेल? उभ्या उभ्या चालू असलेली मोटार तासाला साधारण पाव ते अर्धा गॅलन पेट्रोल पिते. हजार गाड्या तासभर खोळंबल्या, तर अडीचशे ते पाचशे गॅलनचा धूर झाला! छतावर वाचवलेली वीज अशी रांगेत जाते. शिवाय तो धूर शेजारच्या पायी रांगेतल्या माणसांच्या छातीत जातो. सॅन इसिद्रोला संशोधकांनी मोजमापं घेतली, तेव्हा पायी ये-जा करणाऱ्यांच्या वाट्याला गाड्यांचा धूर बराच जास्त येतो, असं दिसून आलं.

म्हणून आमच्या मते अशा टर्मिनलचा आराखडा रांगेपासून सुरू व्हावा. एका लेनमध्ये एकामागे एक दोन बूथ ठेवले की दोन गाड्या एकाच वेळी तपासता येतात. सॅन इसिद्रोत हे केलंच आहे. नेहमीच्या प्रवाशांची चौकशी आधीच करून त्यांना वेगळी लेन द्यायची पद्धत जवळच्या ओटाय मेसा नाक्यावर १९९५ साली सुरू झाली, तीही उपयोगी. मात्र बूथमध्ये अधिकारीच नसला तर नुसत्या बांधकामाने रांग हलत नाही! पायी येणाऱ्यांची वाट धुरापासून दूर हवी. तिथे सावली, पिण्याचं पाणी, बसायला बाक आणि बाथरूम हवी. म्हाताऱ्या माणसांना आणि कडेवर मूल घेतलेल्या आईला याची किंमत विचारा.

आपल्यापैकी कित्येकांनी कधीकाळी व्हिसाच्या शिक्क्यासाठी तिहुआनाची वारी केली आहे. रांगेतला तास किती लांब असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सरहद्दीजवळ राहणाऱ्या मंडळींनी एक जरूर करावं. नाक्याच्या विस्ताराचा आराखडा लोकांपुढे अभिप्रायासाठी आला, तर सभेला जावं. सोलर पॅनेल किती बसवणार हे विचारावंच. पण त्याआधी, माणसं किती वेळ उभी राहणार आणि त्यांच्या डोक्यावर सावली असणार का, हे विचारावं.